जुनी गाडी चालता चालता बंद पडली: आधी स्कॅनर की आधी हाताने तपासणी?

पाना_दहा
गाडी पेट्रोलची, पंधरा वर्षांच्या पुढची, फ्युएल इंजेक्शनवाली. तिसऱ्या गिअरमध्ये चांगली चालली होती आणि एकदम बंद. गचके नाहीत, मिस मारणं नाही, कोणीतरी चावी फिरवावी तशी. सेल्फ मारला की इंजिन फिरतंय पण पकडत नाही, आणि अर्ध्या तासाने गार झाली की एका सेल्फमध्ये चालू. गॅरेजमध्ये फ्युएल पंप बदलला, मग फिल्टर, मग प्लग, आणि परत तेच. माझं मत ठाम आहे, बंद पडलेल्या इंजिनला स्पार्क, पेट्रोल, कॉम्प्रेशन नाहीतर टायमिंग यातलं काहीतरी मिळत नसतं आणि ते कुठलं हे कळल्याशिवाय एकही पार्ट खोलू नये. ते कळायला आधी कान, डोळे आणि एक टेस्ट लॅम्प (वायरीत करंट येतोय का ते दाखवणारा दिवा) लागतो, स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं मशीन नंतर. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

सेन्सर_बघा
नाही पटत. इंजेक्शनच्या गाडीत स्कॅनर आधीच लावायचा. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सगळा वेळ इंजिनवर नजर ठेवून असतो, कोड (बिघाडाचा नंबर) पडला असेल तर बऱ्याचदा त्या क्षणाचा आरपीएम, कूलंटचं तापमान, लोड हेसुद्धा साठवलेलं असतं. पी ०३३५ हा कोड दिसला तर क्रँक सेन्सरच्या (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटकडे बघायचं, पाच मिनिटांचं काम. तुम्ही प्लग काढून स्पार्क बघेपर्यंत गाडी गार होते, मग सगळं ठीकच दिसणार.

पाना_दहा
कोड पडला तर ना! बऱ्याच जुन्या गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो, पंप मेला तरी ईसीयूला पत्ता नाही. "कोड नाही म्हणजे पंप असेल" या तर्कानेच माझा पंप बदलला गेला, चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखाली दोन सेकंद घूं आवाज येतो का एवढं ऐकायचेही कष्ट कोणी घेतले नाहीत. आता रागावून काय उपयोग, पण पार्ट बदलून निदान करायची ही पद्धत बंद झाली पाहिजे.

बेल्ट_आधी
तुम्ही दोघंही सेल्फ मारत बसायचं गृहीत धरताय, मला तेच मान्य नाही. चालत्या गाडीत एकदम बंद पडलं की पहिला संशय टायमिंग बेल्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणाऱ्या रबरी पट्ट्याचा. सेल्फचा आवाज ऐका, नेहमी तो घुर्र-घुर्र असा दमत फिरतो कारण प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन त्याला अडवतं. बेल्ट तुटला असेल तर तोच आवाज सपाट, भरभर, मोकळा येतो. तिथेच थांबायचं. पुष्कळ इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत येतात, फिरवत राहिलात तर वाकायचे राहिलेले व्हॉल्व्हसुद्धा वाकतील. ऑइलचं झाकण उघडून एकाला जरासा सेल्फ मारायला सांगा, आतला कॅमशाफ्ट (बेल्टने फिरणारा, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरत नसेल तर विषय संपला. बेल्ट साधारण ६०,००० ते १,००,००० किमीला बदलायचा असतो, पण जुन्या गाडीत किमीपेक्षा वर्षं बघा, रबर उभ्या गाडीतही जुनं होतं. आणि बंद पडायच्या आधी ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर सेल्फला हातसुद्धा लावू नका, आधी डिपस्टिक.

सेन्सर_बघा
यांची गाडी अर्ध्या तासाने परत चालू होते. तुटलेला बेल्ट गार झाल्यावर जोडला जात नाही. इथे बेल्टचा प्रश्नच येत नाही.

बेल्ट_आधी
यांच्या गाडीत नसेल, पण हे वाचणारा उद्या स्वतःच्या गाडीत दहा वेळा सेल्फ मारेल त्याचं काय? क्रम सगळ्यांसाठी लिहायचा असतो, ज्याने जास्त नुकसान होतं ते आधी वगळायचं.

कार्बवाला
स्कॅनरवाल्यांनी हेही लक्षात घ्या की कार्बोरेटरच्या गाडीत तो लावायला जागाच नाही. तिथे गरम झाल्यावर बंद म्हणजे इग्निशन कॉइल, कंडेन्सर नाहीतर पाइपात पेट्रोलची वाफ. हाताने तपासणं शिकलेला माणूस दोन्ही गाड्या बघू शकतो. माझं मत पाना_दहा यांना.

धीर_नाही
एवढा काथ्याकूट कशाला? गरम झाली की बंद, गार झाली की चालू, लक्षण सरळ क्रँक सेन्सरचं आहे. छोटा पार्ट आहे, बदलून मोकळं व्हा. या वयाच्या गाडीत तो कधीतरी बदलावा लागणारच आहे.

वायरमन
अजिबात नको. हेच लक्षण मेन रिलेचंही (करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचंही) असतं, आतला झाळलेला सांधा चिरतो, गरम झाला की उघडतो, गार झाला की टेकतो. इग्निशन कॉइलचंही तसंच. मग तीन पार्ट बदलणार का? गाडी बंद पडलेली असताना पंपाच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प धरा आणि सेल्फ मारा. लागला तर करंट येतोय, नाही लागला तर रिले, फ्यूज किंवा रिलेला हुकूम देणारा ईसीयू. इंजिनची अर्थिंगही बघा, सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. जुन्या गाडीत सेन्सरच्या आधी वायर मरते हे मी शंभरदा सांगेन.

सेन्सर_बघा
हे मान्य, पण रिले की सेन्सर हे स्कॅनरवर चालत्या गाडीत दिसणारा लाईव्ह डेटा जास्त स्वच्छ सांगतो. गाडी गिअरमध्ये आणि क्लच सोडलेला असेल तर इंजिन बंद पडलं तरी चाकं त्याला फिरवतच असतात. म्हणजे स्पीड ४० आहे आणि आरपीएम एकदम शून्य दाखवतंय, तर इंजिन थांबलेलं नाही, सिग्नल थांबलाय. सेन्सर किंवा त्याची वायर. आरपीएम स्पीडबरोबर हळूहळू उतरतोय तर सेन्सर बरा आहे, पेट्रोल किंवा कॉइलकडे वळा.

पाना_दहा
हा मुद्दा भारी आहे, पण बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डवरच्या आरपीएमच्या काट्यावरही दिसतो की! सेल्फ मारतानासुद्धा काटा बघावा, दोन-तीनशेच्या आसपास हलला तर सिग्नल येतोय, शून्यावर मेल्यासारखा पडून राहिला तर बहुधा नाही. यासाठी मशीन लागत नाही. आता पुढच्या वेळी बंद पडली की बोनेट गरम असतानाच काटा, मग पंपाला टेस्ट लॅम्प, मग स्पार्क, याच क्रमाने बघणार. आणि गॅरेजला सांगणार की गार व्हायच्या आत तपासा नाहीतर हात लावू नका.

सेन्सर_बघा
बघा, पण स्कॅनर लावून रेकॉर्डिंग चालू ठेवाच. गाडी बंद पडते त्या क्षणी काट्याकडे बघायचं नसतं, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो. तेव्हा नजर रस्त्यावर हवी, आरपीएम कसा पडला ते कडेला लावल्यावर रेकॉर्डिंगमध्ये बघता येतं.