जीपीएल प्लगइनची फेरविक्री: हक्क की चोरी?

खटपट्या: वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरचं सशुल्क प्लगइन (जादा सुविधा देणारा जोड-कोड) विकत घेऊन त्याची झिप फाइल स्वस्तात विकली की लगेच ‘चोर’ म्हणतात. माझ्या मते ही चोरी नाहीच. वर्डप्रेस ‘जीपीएल 2 किंवा पुढील आवृत्ती’ या, कोड वापरू, बदलू आणि पुन्हा वाटू देणाऱ्या परवान्याखाली आहे, बहुतेक प्लगइनही तशीच. जीपीएल 2 चं 6वं कलम पुढच्या माणसावर जादा अटी लादू देत नाही. मग ‘पुन्हा विकू नका’ ही अट टिकेल कशी?

मीनल: कोडपुरतं मान्य. पण तुम्ही मूळ लोगो, मूळ नाव, मूळ स्क्रीनशॉट लावून विकता त्याचं काय? जीपीएल कॉपीराइटचा परवाना आहे, ट्रेडमार्कचा नाही. ‘अमुक प्लगइनसोबत चालतं’ एवढं सांगायला ट्रेडमार्क कायदा 1999 चं कलम 30 वाव देतं. दुसऱ्याच्या नावाची पाटी लावायला देत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीने 2006 मध्ये फायरफॉक्स ब्राउझरचं नाव ‘आइसवीझल’ केलं ते याच पेचातून. कोड मोकळा होता, नाव आणि लोगो नव्हता.

खटपट्या: बरं, नाव बदलतो. मग तर हरकत नाही?

कंपायलर: नुसतं वरचं नाव बदललंत तर ग्राहकाची साइट बिघडेल. फोल्डरचं नाव, म्हणजे स्लग, तोच राहिला आणि त्या नावाचं मोफत प्लगइन वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात असेल, तर पुढच्या अपडेटला तुमचा कोड पुसून तिथला बसतो. म्हणून स्लग आणि टेक्स्ट डोमेन (भाषांतरासाठी वापरली जाणारी प्लगइनची ओळख) दोन्ही बदला. मुख्य फाइलच्या हेडरमध्ये ‘अपडेट यूआरआय’ (अपडेट कुठून घ्यायचं तो पत्ता) स्वतःचा द्या, 5.8 पासून वर्डप्रेस तो पाहतं. मूळ लेखकाची कॉपीराइट ओळ मात्र काढायची नाही. उलट ज्या फाइलला हात लावला तिच्यात बदल केल्याची नोंद आणि तारीख टाकायची, कलम 2 तेच सांगतं. कॉपीराइटची ओळच अनेकदा उडवली जाते.

रानवारा: आणि झिपमध्ये सगळंच जीपीएल असतं हे कोणी सांगितलं? कित्येक थीममध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या पॅकेजमध्ये) पीएचपी कोड जीपीएल, चित्रं आणि मांडणीचं सीएसएस वेगळ्या परवान्याखाली. प्रत्येक फोल्डर उघडून बघा. जावास्क्रिप्ट आवळून एका ओळीत बसवलेली असेल तर जीपीएलला हवा असलेला सोर्स, म्हणजे मूळ कोड, तो नव्हे. वाचता येणारी मूळ फाइल सोबत द्या, नाहीतर निदान तीन वर्षं ती पुरवण्याची लेखी हमी द्या. आत ‘मुक्त’ नावाच्या फाँटसारखा, ओएफएल या फाँटच्या खुल्या परवान्याचा फाँट असेल तर प्लगइनबरोबर चालेल, सुटा विकता येणार नाही.

मीनल: हे सगळं पाळूनही माझा विरोध कायम आहे. सुरक्षेची भेग सापडली की मूळ विक्रेता दुरुस्ती काढतो आणि ती लायसन्स की (खरेदीसोबत मिळणारा कोड) असलेल्यालाच आपोआप मिळते. तुमच्या ग्राहकाकडे ती लायसन्स की नसते. त्याचं ऑनलाइन दुकान हल्ल्याला उघडं पडतं आणि त्याला पत्ताही नसतो.

खटपट्या: हा मुद्दा खरा आहे. पण त्यावर उपाय विक्री बंद करणं नाही. ‘मूळ कंपनीशी संबंध नाही, लायसन्स की मिळणार नाही, नवी झिप आली की हाताने चढवावी लागेल’ हे किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात लिहायचं.

मीनल: आणि ती नवी झिप किती दिवसांत देणार, तेही लिहा. तोवर माझं मत बदलत नाही.