मदत हवी आहे: घरच्या ईव्ही चार्जरचं ॲप युनिट वाढवून दाखवतंय का?

पिंपळे सौदागरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझा ७.२ किलोवॅटचा चार्जर आहे. त्याच्या ॲपमधून महिन्याचा रिपोर्ट निघतो आणि सेक्रेटरी काका त्यावरच बिल लावतात. आकडा जास्त वाटायचा, म्हणून तापकीर गल्लीतून एक सब-मीटर आणला आणि इलेक्ट्रिशियनकडून चार्जरच्या शेजारीच खांबावर बसवून घेतला. तेव्हापासून झोप उडाली आहे.

परवा रात्री गाडी १९ टक्क्यांवरून ८० पर्यंत चार्ज केली. ॲप म्हणतं ३१.४ युनिट. सब-मीटर म्हणतो २८. बॅटरी ४०.५ युनिटची, म्हणजे ६१ टक्क्यांच्या हिशोबाने गाडीत गेले २४.७. खरं कोणाचं मानायचं?

आधी सब-मीटरवरच संशय घेतला, स्वस्तातला आहे म्हणून. क्लॅम्प मीटर लावून पाहिलं तर करंट ३२ अँपिअर, ॲपमध्येही ३२. मग घड्याळ लावून बरोबर अर्धा तास खाली उभा राहिलो (वॉचमन तीनदा विचारून गेला, साहेब काही हरवलंय का). ॲप ३.६८, सब-मीटर ३.३. चार्जर रीस्टार्ट केला, फर्मवेअर अपडेट केलं, ढिम्म फरक नाही. कस्टमर केअर म्हणतं, "सर, थोडाफार फरक येतोच."

अजून एक, रात्री १० ला लावलेलं चार्जिंग रिपोर्टमध्ये दुपारी ४:३० ला सुरू झालेलं दिसतं. त्याचा काही संबंध? महिन्याला दहा वेळा चार्ज करतो, म्हणजे ३४ युनिट फुकट जातायत.

वायरमन_सातारा:
वेळेचं सोडा. साडेपाच तास मागे म्हणजे रिपोर्ट ग्रीनिचच्या वेळेत निघतोय, युनिटशी त्याचा संबंध नाही. गाडीचे २४.७ पण बाजूला ठेवा. लाइनची एसी वीज बॅटरीसाठी डीसी करताना गाडीतल्या चार्जरमध्ये दहा-बारा टक्के जातातच, ते तुम्हालाच भरायचेत. ॲपमध्ये व्होल्टेज किती दिसतं? आणि सब-मीटरवर?

धागाकर्ता:
आत्ताच खाली जाऊन आलो. सब-मीटरवर चार्जिंग चालू असताना २०५, बंद केल्यावर २१९. ॲपमध्ये दोन्ही वेळा २३०.०. पॉइंट शून्यसुद्धा हलत नाही.

वायरमन_सातारा:
मग सापडलं की! २३० गुणिले ३२ म्हणजे ७३६० वॉट, अर्ध्या तासाचे ३.६८ युनिट. तुमच्या ॲपचा आकडा तंतोतंत हाच. चार्जर फक्त करंट मोजतोय आणि व्होल्टेज २३० धरून चाललाय. खरे २०५ घेतले तर ३.२८ येतात, सब-मीटरला एकच दशांश म्हणून ३.३ दिसतात. इन्स्टॉलरच्या लॉगिनमध्ये व्होल्टेज भरायची सोय असेलही, पण तिथे २०५ टाकून भागायचं नाही. पावसाळ्यात एसी बंद झाले की व्होल्टेज वर जाईल आणि मग रिपोर्ट उलट कमी दाखवेल. काकांना सांगा, बिल सब-मीटरवर लावा.

कोथरूडकर:
युनिटपेक्षा मला ते २१९ चे २०५ होणं खटकतंय. १४ व्होल्ट पडतायत, गुणिले ३२, म्हणजे साडेचारशे वॉट नुसते वायरिंग तापवण्यात जातायत. पॅनलपासून केबल किती लांब आहे, आणि किती स्क्वेअर एमएमची?

धागाकर्ता:
लांबी ४५-५० मीटर असेल. जाडी मोबाईलच्या उजेडात वाचली, ४ आहे का ६ ते नीट कळलं नाही, वर रंग मारलाय. काकांना ३.६८ चं गणित वहीत करून दाखवलं. पटलं, पण म्हणाले कमिटीला लेखी द्या. ते देतो. उद्या इलेक्ट्रिशियनला परत बोलावलंय. ४ ची निघाली तर बदलेपर्यंत चार्जरचा करंट १६ वर आणून ठेवू का?

कोथरूडकर:
हो, आजच आणा. आणि पॅनलमधले स्क्रू घट्ट आहेत का तेही त्याला बघायला सांगा.