'कॉम्पोझिट सॉलिड'ला मराठीत काय म्हणायचं, संयुक्त की जोड?

माझी भाची आठवीत आहे, सेमी इंग्रजीला. परवा तिला कॉम्पोझिट सॉलिडचं व्हॉल्युम समजावत होतो, उदाहरण घेतलं आमच्याच दारातल्या दोन पायऱ्यांचं. खालची ४ फूट लांब, २ फूट रुंद, अर्धा फूट उंच आणि तिच्यावर मागच्या अंगाला दुसरी, ४ बाय १, तीही अर्धा फूट. आईने विचारलं, याला मराठीत काय म्हणतात रे, तर मी म्हणालो संयुक्त घनाकृतीचं घनफळ. भाची पटकन म्हणाली, संयुक्त म्हणजे १२, १५ सारखं ना मामा, गुणून होतं ते? आणि खालचं ४ घनफूट, वरचं २ घनफूट काढून तिने खरंच गुणाकार केला, ८! उत्तर ६ आहे, इथे बेरीज करायची असते. संयुक्त संख्येत गुणाकार आणि संयुक्त घनात बेरीज, शब्द मात्र एकच. इंग्रजीत दोन्हीकडे कॉम्पोझिट आहे म्हणून आपणही दोन्हीकडे संयुक्त का लावायचं? दुसरा शब्द सुचतो का कोणाला?

— संयुक्त चुकीचा नाही हो, संयुक्त कुटुंब म्हणतो, संयुक्त महाराष्ट्र म्हणतो, तिथे एकत्र येणं हाच अर्थ आहे. पण पोरांसाठी मला 'जोडघन' आवडेल, जोडाक्षरासारखा. आणि जोडाक्षराचं उदाहरण इथे फार छान बसतं बघा, स आणि त जोडून 'स्त' लिहिताना स चा दंड जातो, पण उच्चारात दोन्ही व्यंजनं पूर्ण ऐकू येतात. तसंच पायऱ्यांचं, घनफळ दोघींचं पूर्ण राहतं पण जिथे त्या चिकटतात तिथला पृष्ठभाग झाकला जातो. तुमच्याच पायऱ्या सुट्या मोजल्या तर पृष्ठफळ २२ आणि १३, मिळून ३५ चौरस फूट, पण जोडल्यावर ४ बाय १ चा भाग दोन्हीकडून झाकला जातो म्हणजे ८ वजा, राहिले २७. घनफळाची सरळ बेरीज होते, पृष्ठफळाची होत नाही, मुलं नेमकी इथेच अडकतात.

— जोडघन चांगला आहे. पण घनफळाच्या जागी आकारमान लिहू नका कोणी, हल्ली सर्रास दिसतं. आपल्या पुस्तकांत गणितात घनफळ आणि विज्ञानात आकारमान, घनता काढताना वस्तुमान भागिले आकारमान असं शिकवतात, त्यामुळे मुलाला वाटतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राशी एकच आहे, हे कोणीतरी एकदा मोठ्याने सांगायला हवं. धारकता मात्र वेगळी, ती भांड्याच्या आत काय मावतं त्याची, १००० घनसेंटिमीटर म्हणजे १ लिटर. जाड भिंतीच्या टाकीचं बाहेरून घनफळ काढून तेवढं पाणी मावेल असं लिहिणारी मुलं मी दरवर्षी बघते.

— आमच्याकडे साइटवर घनफळ हा शब्द कोणी बोलत नाही. वाळू, खडी ब्रासमध्ये, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, तुमच्या पायऱ्या झाल्या ०.०६ ब्रास. ब्रास क्षेत्रफळालाही चालतो, तिथे १०० चौरस फूट, त्यामुळे नवीन पोरगं हमखास गोंधळतं. पण पायरी मोजायला कोणी शिकवावं लागत नाही, गवंडी तोंडानेच सांगतो, 'खालची वेगळी धर, वरची वेगळी, मग मिळव'. जोडघनाचा अख्खा धडा यात आला.

— 'मिळव'! हे तर मला आवडलंच. अजून एक सापडलं, पुस्तकात क्युबॉइडला इष्टिकाचिती म्हणतात, इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेला ढीग. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, १२ व्या शतकात, चितिव्यवहार नावाचं प्रकरणच आहे, विटांच्या ढिगाचं घनफळ काढून त्याला एका विटेच्या घनफळाने भागायचं की किती विटा लागल्या ते कळतं. म्हणजे एका ठोकळ्याच्या नावातच रचणं आहे, आणि मुलांना तो शब्द आपण नुसता पाठ करायला लावतो.

काल भाचीला अंगणात नेलं, जुन्या विटा होत्या त्यांचीच पायरी रचायला लावली. आधी आडवी वेगळी केली, ४ अधिक २. मग म्हणाली उभी कापून बघू? मागचा भाग ४ बाय १ बाय १, पुढचा ४ बाय १ बाय अर्धा, परत ४ अधिक २. वहीत तिने वर लिहिलंय, जोडघन, आणि खाली, मिळव.