निळूभाऊंची कुठली भूमिका तुमच्या अंगावर आली?

अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. लहानपणी तिथे तंबू थेटर लागायचं. उशिरा येणाऱ्यांना पडद्याच्या मागच्या बाजूला बसवत. आजी आणि मी कायम तिथेच. त्यामुळे पाट्या उलट्या आणि झाडून सगळी पात्रं डावरी. निळू फुले डाव्या हातात धोतराचा सोगा धरून आले की आजी पडद्यातल्या बाईला ओरडायची, "जाऊ नको वं माय तठे!" एकदा तिने हातातली गोडीशेव सरळ पडद्यावर भिरकावली आणि मग उरलेला सिनेमाभर माझ्या पुडीतली खाल्ली.

तुमचंही लिहा. गोष्ट सांगत बसू नका, कुठे आणि कोणाबरोबर पाहिलं ते सांगा.

शहाद्याहून
'सामना'. १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला हा सिनेमा आमच्या गल्लीत पोचला तो दूरदर्शनवरून, बऱ्याच वर्षांनी. वडील ऊस लावायचे. त्या साली तोडीची चिठ्ठी उशिरा आली, ऊस वाळला, आणि पेमेंट तर दिवाळी उलटून गेली तरी नाही. कारखाना कुठला ते सोडा. पडद्यावर निळूभाऊंचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील त्या दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, गोड बोलतो. मला वाटलं वडील आता शिवी हासडतील. ते बिडी विझवून म्हणाले, "आपण भांडायला गेलो तर हा आपल्याला चहा पाजेल, आणि आपण पिऊन परत येऊ." दुसऱ्या दिवशी ते पेमेंटचं विचारायला गेले. चहा पिऊन परत आले.
डॉ. लागूंचा मास्तर "मारुती कांबळेचं काय झालं?" विचारत राहतो ते सगळ्यांना आठवतं. मला ऐकून घेणारा हिंदुराव आठवतो.

धुळ्याहून
मी दिगू टिपणीसवाला. 'सिंहासन', १९७९. सगळे पुढारी बोलतात, हा पत्रकार ऐकतो. सगळा सिनेमा ऐकण्यावर काढणं सोपं नाही. शेवटी वेड लागल्यासारखा हसतो, ते हसू मला तेव्हा कळलंच नव्हतं. पुढे मी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवायला लागलो. पाकिटावर लाल शाईने 'बातमी' लिहायचं आणि संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. एकदा पाणीटंचाईवर चार पानं लिहून पाठवली. छापून आलं टँकरच्या उद्घाटनाचं, तेही फोटोसकट. डेपोच्या बाकावर बसून पेपर वाचला आणि हसू आवरेना. शेजारचा माणूस उठून लांब जाऊन बसला.

भुसावळहून
रेल्वे क्वार्टरमध्ये व्हीसीआर भाड्याने आणून 'सारांश' पाहिला. गजानन चित्रे, म्हाताऱ्या जोडप्याला छळणारा पुढारी. एवढंच सांगतो की आमच्या वरच्या मजल्यावरचे रिटायर गार्ड काका मध्येच उठले आणि दाराला आतून कडी लावून आले. हिंदीत निळूभाऊंचं सोनं झालं नाही असं माझं मत आहे, पण हा सिनेमा सोडून.

चोपड्याहून
मी गॅदरिंगचा निळू फुले! मान तिरकी, डोळे बारीक, आवाज घोगरा, आणि 'बाई, वाड्यावर या'. टाळ्या ठरलेल्या. एका साली नाटक बसवणारे सर म्हणाले, "घसा कशाला ताणतोस? तो माणूस ओरडत नाही. हळू बोल, म्हणजे लोक भितील." हळू बोललो. मागून आवाज आला, "माईक बंद शे!"

पारोळ्याहून
आमचे मामा राष्ट्र सेवा दलाचे. निळूभाऊही सेवा दलाचे, पुण्यात मिलिटरीच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम केलेले, पुढे लागूंबरोबर कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग करत फिरलेले, हे मामा यात्रेतून परत येताना बैलगाडीत सगळ्या बायकांना समजावत होते. बायका ऐकत होत्या. मग एक मावशी म्हणाली, "माळी व्हता? मंग इतला वाकडा कसा?" मामांनी पुढे गाव येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

अमळनेर, पुन्हा मीच
पारोळेकर, ती मावशी आणि माझी आजी एकाच तंबूत असणार. बरं, पडद्याच्या उलट्या बाजूने सिनेमा पाहिलेलं आणखी कोणी आहे का? माझी मुलं म्हणतात, मी बनवून सांगतो.