मदत हवी आहे: रेस दिली की आउटबोर्डचा गियर कट्ट करून सुटतो, दात झिजलेत का?

नमस्कार मंडळी,

जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगायचं इंजिन) आहे, १५ हॉर्सपॉवर, सेकंडहँड घेतलेलं, आधीच्या मालकाने काय काय करून ठेवलंय देव जाणे. गेल्या ३-४ फेऱ्यांपासून असं होतंय की फॉरवर्ड टाकला आणि हळू चाललो तर काही नाही, पण अर्ध्याच्या वर रेस दिली आणि बोट पुढून उचलायला लागली की खालून कट्ट... कट्ट कट्ट, क्षणभर इंजिन मोकळं सुटल्यासारखं ओरडतं आणि परत पकडतं. रेस कमी केली की एकदम शहाण्यासारखं चालतं. रिव्हर्सला काही तक्रार नाही. ड्रममध्ये पाणी भरून चालवलं तर आवाज येतच नाही, म्हणून डोकं जास्त फिरलंय.

एक जण म्हणतो पंख्याचं (प्रोपेलरचं) रबर गेलं, दुसरा म्हणतो पिनियन (आतला छोटा गियर) संपला, खालचा अख्खा गियरबॉक्स बदल. कार्ब्युरेटर, इम्पेलर मी स्वतः केलेत, पाना धरता येतो, पण गियरबॉक्स कधी उघडलेला नाही. उघडायच्या आधी बाहेरून काय काय बघता येईल?

उलटावारा:
ड्रममध्ये येणार नाही ना आवाज, तिथे लोड कुठे आहे? पंखा नुसता पाणी घुसळतो.

आधी स्वस्तातलं बघून घ्या. पंख्याच्या मध्ये रबरी बुश असतो, तो सुटला की इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट बसते, पण कट्ट असा लोखंडी आवाज सहसा येत नाही, रबर घसरतं ते मुकाट्याने घसरतं. खात्री करायची तर पंख्यामागे आतल्या पितळी बुशवरून रबरावरून बाहेरच्या भागापर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा, एक फेरी मारून या. रेघ तुटली तर रबर, जुळली तर दुखणं आत आहे.

पंखा काढालच तर शाफ्टला तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळलेला नाही ना तेही बघा. तो सीलमध्ये घुसतो आणि मग पाणी आत.

जुनापाना:
रेघ मारा ती मारा, पण गियर ऑइल आधी काढा. निम्मं निदान तिथेच होतं. इंजिन उभं ठेवून खालचा स्क्रू काढायचा, मग वरचा, म्हणजे हवा मिळून ऑइल खाली येतं. खालच्या स्क्रूला मॅग्नेट असेल तर तो पुसू नका!! आधी नीट बघा. मॅग्नेटवर करडी मऊ पेस्ट असेल, बोटांत चोळल्यावर काहीच टोचत नसेल, तर घाबरू नका, चालत्या गियरची तेवढी झीज होतेच. टोचणारे तुकडे, चकाकणाऱ्या कपच्या निघाल्या तर काहीतरी तुटतंय किंवा चेपतंय. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, मग बेअरिंगला गंज धरलेला असू शकतो आणि तो आवाज वेगळा, घर्रर्र असा सलग. जळका वास आणि काळंभोर असेल तर ऑइल कमी असताना चाललेलं आहे.

पांढऱ्या कापडावरून गाळा, कपच्या लगेच दिसतील.

धागाकर्ता:
दोन्ही केलं. रेघ जशीच्या तशी सरळ, आणि त्या फेरीत कट्ट झालं होतं, म्हणजे रबर सुटलं यादीतून. ऑइल काळपट करडं, दुधाळ अजिबात नाही, जळका वास नाही. मॅग्नेटवर पेस्ट आहे आणि तिच्यात ३ कपच्या, नखाच्या कोपऱ्याएवढ्या, एका बाजूने चकचकीत. म्हणजे पिनियन गेला का??

मोकळाशिड:
एवढं काही करू नका, जाड ऑइल टाका, आवाज दबतो. माझं दोन सीझन चाललं.

जुनापाना:
आवाज दबतो हो, झीज दबत नाही. विकायला काढलेल्या इंजिनात हाच उद्योग केलेला असतो, म्हणून सेकंडहँड घेताना मी ऑइल आधी काढून बघतो. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच मरीन गियर ऑइल टाका.

खोलपाणी:
पिनियनवर इतक्या लवकर उडी नको. आत काय चालतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. वरून येणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन, त्याला पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे गियर कायम अडकलेले. कायम म्हणजे न्यूट्रलमध्येसुद्धा तिन्ही फिरत असतात, फक्त मोठे दोघं पंख्याच्या शाफ्टवर मोकळे फिरतात. मधे शाफ्टवर सरकणारा एक तुकडा असतो, डॉग म्हणतात त्याला, तो पुढे सरकला की त्याचे खांदे फॉरवर्ड गियरच्या खाचांत बसतात आणि शाफ्ट फिरायला लागतो. आपण गियर टाकतो तेव्हा दात कुठे जुळवत नसतो, हा डॉग सरकवत असतो.

आता तुमची लक्षणं लावा. पिनियनचा दात तुटला असता तर तो फॉरवर्ड बघणार नाही आणि रिव्हर्सही बघणार नाही, दोन्हीकडे ठोकणार, कमी रेसलाही कुरकुरणार. तुमचं फक्त फॉरवर्डला, फक्त लोडवर, आणि सुटून परत पकडतंय. हे डॉगचे कोपरे गोल झाल्याचं लक्षण आहे. कोपरे धारदार असतात तोवर लोड आला की डॉग उलट आत खेचला जातो, गोल झाले की तोच लोड त्याला बाहेर ढकलतो.

तरी खात्रीसाठी एक करा. स्पार्क प्लग दोन्ही काढा (नुसती किल-कॉर्ड, म्हणजे इंजिन बंद करायची दोरी, काढून पंख्याजवळ हात घालू नका, प्लग काढायचेच), गियर फॉरवर्डला ठेवा आणि वरून फ्लायव्हील (इंजिनाच्या माथ्यावरचं जड चाक) हाताने सावकाश फिरवा. समजा पिनियन १३ दातांचा आणि मोठा गियर २७ चा, म्हणजे रेशो २.०८. फ्लायव्हीलच्या प्रत्येक फेरीला एकदा अडकल्यासारखं लागलं तर पिनियन किंवा त्याचं बेअरिंग. दोन फेऱ्यांहून किंचित जास्त, म्हणजे पंख्याच्या एका फेरीला एकदा लागलं तर मोठा गियर किंवा पंख्याचा शाफ्ट. कानाने हे कळत नाही, ९०० आरपीएमच्या आयडलला पिनियनचा ठोका सेकंदाला १५ वेळा येतो, त्याची नुसती गुरगुर होते.

आणि लिंकेज विसरू नका. गियरची दांडी जोडनटवर एखाददोन आटे इकडे-तिकडे असली तर डॉग अर्धाच आत बसतो, नवा टाकला तरी महिन्यात गोल होतो.

धागाकर्ता:
फ्लायव्हील ४०-५० फेऱ्या फिरवलं, कुठे अडकत नाही, लोण्यासारखं. लिंकेजमध्ये मात्र गडबड आहे, लिव्हर फॉरवर्डला पूर्ण टेकतो पण दांडी सोडून हाताने ढकलली तर अजून २-३ मिलिमीटर जाते!

एक कबुली देऊन टाकतो, मी गियर फार हळू टाकतो. इंजिन जुनं म्हणून जपून, कर्रर्र वाजत वाजत बसेपर्यंत.

खोलपाणी:
झालं मग, दोन्ही कारणं सापडली. तो कर्रर्र म्हणजे कोपऱ्यावर कोपरा घासतोय. गियर एकदम टाकायचा, खाट्कन, फक्त आयडलवर.

डॉग बघायला पिनियनचा नट सोडावा लागत नाही. बहुतेक छोट्या इंजिनांत खालचं युनिट उतरवून पंख्यामागचं बेअरिंगचं घर काढलं की शाफ्ट, डॉग आणि रिव्हर्स गियर एकत्र बाहेर येतात, फॉरवर्ड आत राहतो. घर खाऱ्या पाण्याने चिकटलेलं असणार, गरम करा, थोपटा, पाचर ठोकू नका, कडा फुटते. शाफ्टच्या पुढच्या टोकाला छोटा प्लंजर असतो तो पडून हरवतो, खाली कापड पसरा. आणि फोटो काढत जा.

धागाकर्ता:
उघडलं. घर निघायला दीड दिवस गेला, त्यावर वेगळा धागा काढता येईल. डॉगचे पुढच्या बाजूचे कोपरे गोटीसारखे गुळगुळीत आणि एका खांद्याचा टवका उडालाय, त्याच त्या कपच्या. मागची बाजू कोरी करकरीत. टॉर्चने आत बघितलं तर फॉरवर्ड गियरच्या खाचांच्या कडाही गोल झाल्यात, पण दात सगळे शाबूत, पिनियनचेही. फक्त डॉग बदलला तर चालेल का? गियरचे दात चांगले आहेत म्हणून विचारतो.

जुनापाना:
नाही. गोल खाच नव्या डॉगला महिनाभरात गोल करेल. दोन्ही जोडीने घ्या. आता पिनियनचा नट सोडावा लागणारच, मग शिम (गियरमागच्या पातळ चकत्या) कुठल्या जागेवर कुठली होती ते लिहून ठेवा, नवा गियर बसल्यावर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मॅन्युअलच्या आकड्यात येतोय का ते मोजा. अंदाजाने नको, घट्ट राहिला तर तापतो, सैल राहिला तर ठोकतो. सील आणि ओ-रिंग सगळे नवे.

उलटावारा:
ऑइल भरताना खालच्या भोकातून पंपाने भरा, वरून येईपर्यंत. वरचा स्क्रू आधी लावायचा मग पंप काढून खालचा. उलट केलं की आत हवा राहते.

धागाकर्ता:
अपडेट: डॉग, फॉरवर्ड गियर, सील बदलले, शिम जुनीच चालली, बॅकलॅश आकड्यात आला. दांडी जोडनटवर बसवून घेतली, आता लिव्हर टेकतो तिथेच डॉग पूर्ण बसतो. काल फुल रेसला २० मिनिटं चालवलं, एकदाही सुटला नाही. गियर टाकताना खाट् आवाज येतो तेव्हा अजून छातीत धस्स होतं. १० तासांनी ऑइल काढून मॅग्नेट बघतो आणि फोटो टाकतो.

मोकळाशिडभाऊ, तुमचंही ऑइल एकदा कापडावरून गाळून बघाच.

मोकळाशिड:
गाळलं. धागा काढतोय.