‘पित्तनलिकेचा कर्करोग’ म्हणावं का?

प्रश्न : मांजरांच्या आजारांवर मराठीत माहितीपत्रक लिहितोय. यकृतातल्या पित्ताच्या नळ्यांना होणाऱ्या कॅन्सरला ‘पित्तनलिकेचा कर्करोग’ लिहिलं, तर वाचणारे म्हणतात, पित्त तर आम्हालाही होतं!

प्रतिसाद : शब्द बरोबरच आहे, घोळ ‘पित्त’चा आहे. छातीत जळजळलं की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो, ते पोटातलं आम्ल. हे पित्त वेगळं. यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि लहान आतड्यात उतरतं. तेवढी एक ओळ सुरुवातीलाच घाला. ‘पित्तवाहिनी’ही चालेल, पण वाहिनी म्हटलं की आधी रक्तवाहिनीच आठवते.

प्रतिसाद : ‘कर्करोग’ मात्र सरसकट लिहू नका. मांजरांमध्ये यकृतातच सुरू होणाऱ्या गाठी मुळात कमी, आणि त्यातही साध्या गाठींचं प्रमाण कॅन्सरपेक्षा जास्त. म्हाताऱ्या मांजरांत पित्तनलिकांच्या अस्तरातून पाणी भरलेल्या पिशव्यांची गाठ वाढते. ती पसरत नाही, पण मोठी झाली की आजूबाजूला दाबते. तिला ‘सौम्य अर्बुद’ म्हणा, पसरणाऱ्याला ‘मारक अर्बुद’. ‘अर्बुद’ जड वाटत असेल तर सरळ ‘गाठ’ लिहा, कोण अडवतंय!

प्रश्नकर्ता : आणि लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींपैकी लसिकापेशींचा कॅन्सर, यकृतात असेल तर?

प्रतिसाद : तो ‘यकृताचा कर्करोग’ नव्हे, ‘यकृतातही आढळलेला लिम्फोमा’. षष्ठी लावली की उगम तिथलाच वाटतो, आणि उपचार तर उगमावर ठरतात. लिम्फोमाला केमो देतात. पित्तनलिकेची गाठ यकृताच्या एकाच खंडात असेल तर तो खंडच कापून काढता येतो.

प्रतिसाद : ‘कावीळ’ही जपून. ते लक्षण आहे, आजाराचं नाव नाही. हिरड्या, कानाच्या आतली कातडी पिवळी दिसली म्हणजे कॅन्सरच, असं नाही. मांजर काही दिवस जेवलंच नाही तर यकृतात चरबी साचून तसंच पिवळं पडतं, विशेषतः लठ्ठ मांजर. नक्की काय ते तुकडा काढून तपासल्यावरच कळतं. त्याआधी रक्त गोठण्याची चाचणी करतात, कारण गोठवणारे बरेचसे घटक यकृतच बनवतं.

प्रश्नकर्ता : ‘बायॉप्सी’ला ‘तुकडा तपासणी’ लिहू?

प्रतिसाद : ‘बायॉप्सी’च ठेवा. डॉक्टर तेच म्हणणार.