नंतर बसवलेल्या टर्बोला तेल कुठलं: इंजिनचंच की वेगळं?

बूस्टवेडा
मुळात टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या गाडीला तो बसवताना सगळे बूस्टचा, म्हणजे त्या हवेच्या दाबाचा, हिशोब आधी करतात आणि तेलाचा सर्वांत शेवटी. माझं ठाम मत: टर्बोला इंजिनचं तेल देऊच नये. वेगळी टाकी, छोटा इलेक्ट्रिक पंप, फिल्टर आणि कूलर लावावा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. तिथे जुन्या इंजिनातलं काळं तेल कशाला? टर्बोचं बेअरिंग गेलं तरी त्याचा चुरा चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी तेल साचतं त्या भांड्यात) उतरत नाही. आणि इंजिन बंद केल्यावरही पंप थोडा वेळ चालू ठेवता येतो. तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल साचून जळतं, त्याचा कोळसा धरतो, ते टळतं.

क्रँककेस
अजिबात पटलं नाही. इंजिनचा ऑइल पंप इंजिनच फिरवतं, त्यामुळे इंजिन चालू तोवर तेल चालू. तुमच्या पंपाचा फ्यूज उडाला तर? इंजिन मजेत चालत राहील आणि टर्बो बघता बघता जाईल. शिवाय तेल नुसतं वंगण नाही, ते बेअरिंगची उष्णताही वाहून नेतं. छोट्या टाकीतलं तेवढंच तेल पुन्हापुन्हा तापणार. इंजिनच्या ऑइल प्रेशर सेन्सरपाशी टी-जोड (तीन तोंडांचा जोड) टाकून तिथून टर्बोला लाइन द्या, फिल्टरमधून गाळलेलं तेल मिळतं. काळं तेल खटकत असेल तर वेळेवर बदला. क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टची, बेअरिंगही त्याच तेलावर चालतात!

बूस्टवेडा
फ्यूजची भीती रास्त आहे, म्हणून प्रेशर स्विच हवाच. दाब पडला की दिवा, बझर, आणि बूस्ट बंद. याशिवाय वेगळी यंत्रणा लावणारा चुकतोच.

तेलगळती
तुम्ही दोघंही तेल आत कसं जातं यावर भांडताय. टर्बो मरतात ते बरेचदा परतीच्या पाइपमुळे. बाहेर पडणारं तेल फेसाळलेलं असतं, त्याला दाब नसतो, ते फक्त उतारावर वाहतं. म्हणून पाइप जाड, शक्य तितका उभा, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. टर्बोची सील रबराची नसतात, पिस्टन रिंगसारखी असतात. परतीची वाट तुंबली की तेल थेट एक्झॉस्टमध्ये. निळा धूर दिसला की लोक टर्बो बदलतात आणि पाइप तोच ठेवतात, याचा खरंच संताप येतो. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर येणाऱ्या लाइनमध्ये साधारण 1 मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर (तेल मोजकंच सोडणारा अडसर) लागतो, नाहीतर जास्तीच्या तेलानेही तेच होतं. आणि जोडांवर टेफ्लॉन टेप नको, तिचा तुकडा त्या भोकात अडकला की संपलं.

क्रँककेस
परतीचं सगळं मान्य. पण मग टर्बो वर बसवा, प्रश्नच नाही.

तेलगळती
जागा नसते ना! टर्बो चेंबरपेक्षा खाली गेला की तेल परत ओढायला वेगळा पंप लागतोच, आणि तो बहुतेकदा इलेक्ट्रिकच असतो. म्हणजे तुमच्या पद्धतीतही फ्यूज आलाच.

क्रँककेस
तो बंद पडला तर धूर तरी दिसतो. यांचा पंप बंद पडला तर शाफ्ट कोरडा. माझा टी-जोड कायम.